नाइन-ओ-नाइन: एका सवलतीचा पंचनामा

अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धातले बॉम्बफेकी विमान विकत घ्यायला, दुरुस्त करायला आणि स्वतः उडवायला कायद्याची आडकाठी नाही. पैसा हवा, चिकाटी हवी, परवानाधारक मेकॅनिक हवा आणि सरकारी तपासनिसासमोर कागद मांडायची तयारी हवी. आडकाठी येते ती पुढच्या पायरीला, म्हणजे अशा विमानात पैसे घेऊन माणसे बसवताना. ‘लिमिटेड’ वर्गात नोंदलेले विमान मोबदला घेऊन माणसे किंवा माल नेण्यासाठी वापरता येणार नाही, असे तिथल्या हवाई नियमांतले कलम 91.315 एका वाक्यात सांगून मोकळे होते. बोइंगचे बी-17 हे त्या युद्धातले बॉम्बफेकी विमान याच वर्गात मोडते. तरीही कित्येक वर्षे अमेरिकेतल्या लहानमोठ्या विमानतळांवर 450 डॉलर मोजून कुणालाही बी-17 मधून फेरी मारता येत होती.

हे शक्य झाले एका सवलतीमुळे. 2 ऑक्टोबर 2019 रोजी सकाळी कनेक्टिकट राज्यातल्या ब्रॅडली विमानतळावर ‘नाइन-ओ-नाइन’ नावाचे जे बी-17 जळून गेले, ते याच सवलतीवर उडत होते. विमानात 13 जण होते, त्यातले 7 दगावले. अपघाताबद्दल बरेच लिहिले गेले, पण बहुतेक लिखाण ‘इतकी जुनी विमाने उडवावीत तरी का’ या एका प्रश्नाभोवती फिरत राहते. मला तो प्रश्न चुकीच्या दाराशी नेणारा वाटतो. विमान 74 वर्षांचे होते खरे, पण चौकशीत जे सापडले त्यात म्हातारपणाचा भाग फारच थोडा आहे. सापडला तो अपघाताआधीच्या काही महिन्यांतला हलगर्जीपणा, आणि तो कुणाच्याच नजरेस का आला नाही याचे उत्तर सवलतीच्या रचनेत आहे. म्हणून इथे विमानाइतकाच त्या सवलतीचाही पंचनामा करायचा आहे.

आधी विमान

गंमत अशी की हे विमान मुळात ‘नाइन-ओ-नाइन’ नव्हतेच. खरे ‘नाइन-ओ-नाइन’ इंग्लंडमध्ये तळ असलेल्या अमेरिकेच्या 91 व्या बॉम्ब ग्रुपचे. त्याचा क्रमांक 42-31909, आणि शेवटच्या तीन आकड्यांवरून ते नाव पडले. त्याने 140 मोहिमा केल्या आणि युद्ध संपल्यावर इतर हजारो विमानांबरोबर ते भंगारात गेले. ब्रॅडलीला जळालेले विमान होते 44-83575. ते डग्लसच्या कॅलिफोर्नियातल्या लाँग बीच कारखान्यात बांधले गेले आणि एप्रिल 1945 मध्ये लष्कराच्या ताब्यात आले. तोवर युरोपातले युद्ध संपत आले होते. लढाई त्याने पाहिलीच नाही.

पाहिले ते वेगळेच. समुद्रावरच्या बचावकार्यात आणि वाहतुकीत काही वर्षे काढल्यावर 1952 मध्ये ते नेवाडाच्या वाळवंटात अणुस्फोटांच्या परिणामांची चाचणी घेण्यासाठी उभे केले गेले. तीन स्फोट झाले. त्यानंतर किरणोत्सार ओसरेपर्यंत 13 वर्षे ते तिथेच पडून राहिले, आणि 1965 मध्ये भंगार म्हणून विकले गेले. किंमत आली 269 डॉलर. ज्यांनी घेतले त्यांनी ते पुन्हा उडते केले, आणि पुढची वीस वर्षे त्याने जंगलातल्या वणव्यांवर पाणी आणि रसायन ओतायचे काम केले. जानेवारी 1986 मध्ये जुनी विमाने जपणाऱ्या कॉलिंग्ज फाउंडेशनने ते घेतले, वणव्याच्या कामासाठी केलेले फेरबदल काढले, बंदुकींचे बुरूज पुन्हा बसवले आणि खऱ्या ‘नाइन-ओ-नाइन’चे रंग व चिन्हे त्यावर चढवली. 1987 मध्ये पेनसिल्व्हेनियात उतरताना ते धावपट्टी ओलांडून घळीत गेले. त्यातूनही ते पुन्हा उभे राहिले.

हा इतिहास सांगायचे कारण आहे. ज्या विमानाने अणुस्फोट, वणवे आणि घळ पचवली, त्याचा सांगाडा कच्चा असेल असे मानायला जागा नाही. ब्रॅडलीच्या चौकशीतही बोट सांगाड्याकडे गेले नाही. ते गेले इंजिनांच्या ठिणगीकडे.

सवलत कशासाठी

बी-17 ला चार इंजिने असतात, राइट कंपनीची आर-1820, प्रत्येकी नऊ सिलिंडर आणि 1,200 अश्वशक्ती. चारही मिळून तासाला 200 गॅलनच्या आसपास इंधन पितात. त्यात इंजिनांचे ओव्हरहॉल, विमा, टायर आणि मुळात मिळतच नसलेले सुटे भाग. असे विमान एखाद्या श्रीमंताच्या हौसेवर दहा वर्षे चालेल, तीस नाही. मालकांचे सरकारकडे म्हणणे साधे होते: लोकांना पैसे देऊन बसू द्या, नाहीतर ही विमाने कायमची संग्रहालयात जाऊन बसतील, आणि या इंजिनांचा आवाज पुढच्या पिढीला फक्त ध्वनिमुद्रणात ऐकावा लागेल.

एफएएने, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय हवाई प्रशासनाने, 1990 च्या दशकाच्या मध्यापासून हे म्हणणे मान्य करायला सुरुवात केली. सवलतीचे नाव ‘लिव्हिंग हिस्ट्री फ्लाइट एक्सपीरियन्स’. ती सरसकट कुणालाही मिळत नसे. संस्थेगणिक वेगळा अर्ज, विमानागणिक वेगळा विचार आणि खाली अटींची यादी: देखभालीचा मंजूर आराखडा, वैमानिकांची पात्रता, कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण, प्रवाशांना दिली जाणारी माहिती. पुढे यात एसएमएसची, म्हणजे सुरक्षा व्यवस्थापन यंत्रणेची भर पडली. धोके आधीच ओळखायचे, नोंदवायचे, कमी करायचे आणि केलेला उपाय लागू पडला का ते पुन्हा तपासायचे, ही सारी जबाबदारी संस्थेने स्वतःच्या अंगावर घ्यायची.

सरकारची बाजूही समजून घेतली पाहिजे. प्रवासी विमान कंपनीच्या जेटला जे निकष लागतात ते बी-17 ला लावताच येत नाहीत. आपत्कालीन दारे, आसनांची ताकद, आगीला तोंड देणारे साहित्य यांपैकी काहीही त्या मापाने बांधलेले नाही. या विमानाचा जन्मच चिलखत घातलेल्या तरुणांना जर्मनीवर नेऊन, जमले तर परत आणण्यासाठी झालेला. त्यामुळे एफएएने एक व्यवहार केला. विमान आहे तसे राहू दे, पण ते चालवणाऱ्या संस्थेची शिस्त इतकी पक्की हवी की विमानातली उणीव तिने भरून काढावी. कागदावर हा विचार चुकीचा नाही. फक्त त्यात एक गृहीतक आहे: त्या संस्थेत एकाची चूक पकडणारा दुसरा कुणीतरी असेल.

ती सकाळ

ब्रॅडली हा मोठा नागरी विमानतळ आहे. जुनी विमाने गावोगाव नेणारा फाउंडेशनचा वार्षिक दौरा तिथे मुक्कामी होता. त्या दिवसाच्या उड्डाणासाठी दहा प्रवासी आले होते. पुढे दोन वैमानिक, आणि मेकॅनिक व लोडमास्टर (विमानातल्या माणसांची आणि भाराची व्यवस्था पाहणारा) अशी दुहेरी जबाबदारी असलेला एक जण. टाक्यांत 160 गॅलन 100 एलएल, म्हणजे अशा इंजिनांना लागणारे विमानाचे पेट्रोल, भरले गेले होते. इंधनात भेसळ असेल का हा पहिला संशय असतो. नमुने तपासले गेले, इंधन स्वच्छ होते.

चौथे इंजिन, म्हणजे उजव्या पंखावरचे बाहेरचे, सुरू होताना त्रास देत होते. इंजिने बंद करून दाबाखालच्या वायूच्या फवाऱ्याने ओल उडवली गेली, मग ते चालू झाले आणि विमान निघाले. जुन्या इंजिनांबरोबर वावरणाऱ्याला यात वावगे काही दिसणार नाही. दमट सकाळी मॅग्नेटो, म्हणजे इंजिनाला ठिणगी पुरवणारे यंत्र, कुरकुरतो आणि कोरडा केला की चालतो, हा रोजचा अनुभव. अडचण अशी की ‘ओल असेल’ हे निदान प्रत्येक वेळी सोयीचे असते. ते दहा मिनिटांत निस्तरते, आणि रांगेत उभ्या असलेल्या प्रवाशांना परत पाठवावे लागत नाही.

पावणेदहाच्या सुमारास विमान धावपट्टी 6 वरून वर गेले. जमिनीपासून सुमारे 500 फुटांवर असतानाच वैमानिकाने परत यायचे आहे असे नियंत्रकाला कळवले. मदत हवी का, या प्रश्नावर त्याने नाही म्हटले. कारण विचारले तेव्हा ‘चौथ्या इंजिनाचा मॅग्नेटो खडबडतोय’ अशा अर्थाचे दोन शब्द आले, वैमानिकांच्या बोलीत ‘रफ मॅग’. नियंत्रकाने दुसऱ्या विमानाची वाट अडवून धावपट्टी मोकळी करून दिली. धावपट्टीला समांतर उलट्या दिशेने जाताना बी-17 300 फुटांवर आले होते. टॉवरने वारा शांत असल्याचे सांगून उतरायची परवानगी दिली. कुठवर आलात, या प्रश्नाला ‘येतोय’ एवढेच उत्तर आले. त्यानंतर रेडिओवर काही नाही.

धावपट्टीच्या अलीकडे सुमारे 1,000 फुटांवर विमान मार्गदर्शक दिव्यांच्या खांबांना धडकले, आणखी 500 फुटांवर जमिनीला टेकले, धावपट्टीवर आले आणि उजवीकडे घसरत गेले. पुढे उभी वाहने आणि विमानांवरचा बर्फ वितळवायच्या द्रवाची टाकी होती. वेळ 9:53. दोन्ही वैमानिक आणि पाच प्रवासी गेले. मेकॅनिक आणि चार प्रवासी गंभीर जखमी झाले. एका प्रवाशाला आणि जमिनीवरच्या एका माणसाला किरकोळ जखमा झाल्या.

ठिणगी

इथे थोडे खोलात जायला हवे, कारण साऱ्या प्रकरणाची किल्ली एका हाताएवढ्या यंत्रात आहे.

या इंजिनांना ठिणगीसाठी बॅटरी लागत नाही. इंजिनाबरोबर फिरणारा मॅग्नेटो स्वतःच वीज तयार करतो. आत चुंबक फिरतो, एका कॅमवर, म्हणजे उंचवटे असलेल्या फिरत्या चकतीवर, चालणारे पॉइंट (विजेचे संपर्क) उघडतात आणि मिटतात, आणि प्रत्येक उघडझापीला एका सिलिंडरला ठिणगी मिळते. एका सिलिंडरला दोन स्पार्क प्लग असतात आणि इंजिनाला दोन मॅग्नेटो. एक बंद पडला तर दुसरा इंजिन चालवत राहतो. थोडी ताकद कमी होते, इतकेच. विमानाच्या इंजिनाने दुहेरीपणाचा घेतलेला हा सर्वांत जुना आणि सर्वांत भरवशाचा वसा.

मॅग्नेटोचा खटका मात्र घरातल्या दिव्याच्या उलट चालतो. मॅग्नेटो बंद करायचा म्हणजे त्याची वीज एका तारेतून इंजिनाच्या धातूला भिडवायची, म्हणजे अर्थ करायची. या तारेला पी-लीड म्हणतात. पी-लीड तुटली तर मॅग्नेटो बंदच होत नाही आणि जमिनीवर पंख्याजवळ उभ्या माणसाच्या जिवावर बेतू शकते. याउलट, उडत असताना ती चुकून मॅग्नेटोच्या कवचाला टेकली तर मॅग्नेटो तत्क्षणी मुका होतो.

चौथ्या इंजिनाच्या मॅग्नेटोंच्या पी-लीड जागेवरून निसटू नयेत म्हणून कुणीतरी त्या सेफ्टी वायरने बांधल्या होत्या. सेफ्टी वायर ही विमानाच्या कामातली रोजची वस्तू आहे. नट-बोल्ट कंपनांनी सैल होऊ नयेत म्हणून ती ओवतात. पण विजेची जोडणी तिने आवळून बांधायची नसते. चाचणीत दिसले की डाव्या मॅग्नेटोची ती बांधलेली तार हलली की कवचाला भिडते आणि ठिणगी बंद होते. इंजिन थरथरतच असते, म्हणजे तार हलणारच.

अशा वेळी उजव्या मॅग्नेटोने भार उचलायचा. त्याचा कॅमवर घासणारा भाग मर्यादेपलीकडे झिजला होता. पॉइंटमधले अंतर ठरलेल्या मापाच्या निम्म्याहून कमी भरले. चाचणीच्या बाकावर त्याने नऊपैकी चार सिलिंडरांना क्षीण ठिणगी दिली किंवा दिलीच नाही. ज्या दुहेरीपणावर इंजिनाची सुरक्षा उभी होती, त्यातले दोन्ही भाग एकाच वेळी आजारी होते. मला हा भाग सगळ्यांत बोलका वाटतो. तार एकदा कधीतरी बांधली गेली असेल, घाईत, दौऱ्यात, उद्या नीट करू म्हणून. पण कॅमवरचा भाग एका दिवसात झिजत नाही. तो आठवड्यागणिक झिजतो आणि प्रत्येक झाकण उघडणाऱ्याला दिसतो, अट फक्त एवढी की झाकण उघडले गेले पाहिजे.

चौथ्या इंजिनाच्या सगळ्या स्पार्क प्लगांमधले अंतर मापाबाहेर होते आणि डेटोनेशनच्या, म्हणजे सिलिंडरमध्ये मिश्रण शांतपणे जळण्याऐवजी स्फोटासारखे पेटल्याच्या खुणा होत्या. तिसरे इंजिनही तसेच निघाले: प्लग काजळलेले, अंतर मापाबाहेर, डेटोनेशनचे डाग, सिलिंडरांतही दोष. तिसरे आणि चौथे, दोन्ही उजव्या पंखावरची. म्हणजे वैमानिकाने खडबडणारे चौथे इंजिन बंद केले तेव्हा उजवीकडे उरले ते धड पूर्ण ताकद न देणारे तिसरे.

चाके

असे असूनही विमान धावपट्टीवर पोहोचू शकले असते, हा चौकशीतला सर्वांत कडू निष्कर्ष आहे.

राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने, म्हणजे एनटीएसबीने, विमानाच्या कामगिरीचे गणित मांडले. चाके वरच ठेवली असती, वेग ताशी 120 मैलांपर्यंत वाढवून तो टिकवला असता आणि धावपट्टी नक्की हाती लागतेय हे दिसल्यावरच चाके खाली सोडली असती, तर विमान बहुधा दिव्यांच्या खांबांवरून पार होऊन धावपट्टीवर उतरले असते. प्रत्यक्षात चाके फार आधी खाली आली. बी-17 ची चाके म्हणजे हवेत टांगलेले दोन मोठे अडसर. कमी ताकदीवर उडणाऱ्या विमानाला ते वेग वाढवू देत नाहीत आणि उंचीही राखू देत नाहीत.

मंडळाने संभाव्य कारण म्हणून हेच पुढे ठेवले: चौथे इंजिन बंद केल्यावर विमानाची रचना आणि वेग नीट सांभाळला गेला नाही. देखभाल, संस्थेची निष्प्रभ सुरक्षा यंत्रणा आणि एफएएची अपुरी देखरेख ही साथ देणारी कारणे. हा क्रम मला पटतो आणि खटकतोही. तांत्रिकदृष्ट्या शेवटची सुटलेली संधी चाकांची होती, यात वाद नाही. पण ‘वैमानिकाची चूक’ या शब्दांवर वाचक थांबतो आणि पुढचे वाचायचे सोडून देतो, आणि या प्रकरणात खरे शिकण्यासारखे पुढच्या ओळीत आहे. तिथे मंडळाने ‘वैमानिक’ एवढेच न लिहिता ‘वैमानिक तथा देखभाल संचालक’ असे लिहिले आहे.

एक माणूस, तीन टोप्या

तो वैमानिक 75 वर्षांचा होता. एकूण सुमारे 14,500 तासांचे उड्डाण, त्यातले 7,300 तास बी-17 वर. युद्धकाळातल्या वैमानिकांनीही या विमानावर इतके तास काढले नसावेत. एकेका मोहिमेला आठ-दहा तास धरले तरी हा आकडा काही शे मोहिमांचा होतो. सहवैमानिकही नवखा नव्हता. त्याच्या खात्यावर 22,000 तास होते, पण त्यातले बी-17 वरचे फक्त 23. आता कल्पना करा: इंजिन खडबडतेय, डाव्या खुर्चीतल्या माणसाला या विमानाचा 7,300 तासांचा अनुभव आहे, तो चाके खाली सोडतो. 23 तासवाला त्याला काय म्हणणार? कॉकपिटमध्ये नेमके काय बोलणे झाले असेल याचा अंदाज बांधायला मी बसलेलो नाही, पण असा असमतोल कोणत्याही जोडीत एका बाजूचे तोंड बंद करतो.

हीच व्यक्ती दौऱ्यातल्या देखभालीची प्रमुख होती. वर्षाची मुख्य तपासणी 16 जानेवारी 2019 रोजी झाली. तेव्हा पहिली तीन इंजिने नुकती ओव्हरहॉल होऊन आलेली होती, चौथ्यावर ओव्हरहॉलनंतरचे 838.2 तास होते. त्यानंतर ऑक्टोबरपर्यंत विमान सुमारे 268 तास उडाले. मधे दर 25 तासांची तपासणी होती, तिच्यातली शेवटची 23 सप्टेंबरची. म्हणजे अपघाताच्या नऊ दिवस आधीची. एफएएने नंतर नेमके यावर बोट ठेवले: विमानात ठळक दोष असताना देखभाल संचालकाने त्या तारखेच्या नोंदीवर ‘दोष आढळला नाही’ अशी सही केलेली होती.

ही सही लबाडीने केली असे म्हणायला आधार नाही. ज्याने सही केली तोच त्या विमानात बसून उडाला आणि गेला. जो माणूस फसवतो तो स्वतः त्यात बसत नाही. मला वाटते झाले ते अधिक साधे आणि म्हणून अधिक भीतीदायक आहे. ज्याने विमान रोज ऐकले, त्याला त्याचा खोकला ओळखीचा झाला. दौऱ्याचे वेळापत्रक त्याच्याच डोक्यात होते, हँगरऐवजी उघड्यावर काम होते, पुढच्या गावी लोक वाट पाहत होते. विमान थांबवायचे की नाही हे ठरवणारा, ते थांबल्याचा फटका सोसणारा आणि ते उडवणारा एकच असेल, तर त्याला थांबवणारे कुणी उरत नाही.

सुरक्षा व्यवस्थापन यंत्रणा कागदावर नेमकी याच्यासाठी होती. तिने एकच प्रश्न विचारायला हवा होता: या इंजिनाबद्दल गेल्या महिनाभरात किती तक्रारी आल्या आणि त्या कुणी, कोणत्या तपासणीने मिटवल्या? हा प्रश्न विचारायला अशा माणसाची गरज होती जो दौऱ्याबरोबर फिरत नाही. एनटीएसबीच्या मते ती यंत्रणा धोके ओळखण्यात आणि कमी करण्यात निष्प्रभ ठरली. विमानातल्या तिसऱ्या कर्मचाऱ्याला सवलतीखालच्या कामाचे ठरलेले प्राथमिक प्रशिक्षण मिळालेले नव्हते. जे शिकला ते काम करता करता. त्याला सवलतीच्या मूलभूत अटीही ठाऊक नव्हत्या, असे एफएएने नोंदवले. म्हणजे विमानात उरलेला एकमेव दुसरा डोळाही कशाकडे पाहायचे ते न शिकवता नेमलेला होता.

सरकारचा हात

25 मार्च 2020 रोजी एफएएने कॉलिंग्ज फाउंडेशनची सवलत रद्द केली. पत्र कडक आहे आणि तपशिलात भक्कम आहे. मॅग्नेटो, प्लग, नोंदी, प्रशिक्षण, सारे त्यात आले. ते वाचताना एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नाही. हे सगळे तपासायचे काम त्याआधी कुणाचे होते?

उत्तर पुढच्या वर्षी एनटीएसबीच्या अंतिम अहवालात आले. संस्थेच्या सुरक्षा यंत्रणेवर एफएएची देखरेख अपुरी होती, असे म्हणत मंडळाने एफएएलाही साथ देणाऱ्या कारणांच्या यादीत बसवले. सवलत देताना अट घातली, अटीचा कागद मागितला, कागद आला, फाइल बंद झाली. यंत्रणा अस्तित्वात आहे का हे पाहिले गेले. ती चालते का, हे पाहणे राहून गेले.

पैसे घेऊन माणसे नेणाऱ्या पण विमान कंपनीचे नियम न लागणाऱ्या उड्डाणांचा मोठा आढावाही एनटीएसबीने 2021 मध्येच प्रसिद्ध केला. स्कायडायव्हिंगची विमाने, गरम हवेचे फुगे, ‘लिव्हिंग हिस्ट्री’ फेऱ्या, सगळे त्यात होते. मंडळाचे म्हणणे असे की तिकीट काढणाऱ्या माणसाला हा फरक कळत नाही. त्याला वाटते, सरकारने परवानगी दिली आहे म्हणजे पाहिले असेलच. मला हे अगदी पटते. प्रवाशाला माहितीपत्रक वाचून दाखवता येते, पण पी-लीड कशी बांधली आहे ते त्याला कोण दाखवणार?

लंबक मग दुसऱ्या टोकाला गेला. एप्रिल 2021 मध्ये कोलंबिया जिल्ह्याच्या, म्हणजे राजधानी वॉशिंग्टनच्या, केंद्रीय अपील न्यायालयाने एका वेगळ्या खटल्यात, लिमिटेड वर्गातल्या पी-40 लढाऊ विमानात पैसे घेऊन उड्डाण शिकवणे हेही मोबदल्यासाठी माणसे नेणेच आहे, या एफएएच्या भूमिकेला हात लावला नाही. त्याचा अर्थ इतका लांबवर ताणला गेला की स्वतःच्याच विमानात प्रशिक्षकाला पैसे देऊन शिकणाऱ्या मालकांनाही परवानगीपत्र मागायची पाळी आली. अखेर डिसेंबर 2022 मध्ये संसदेने कायदा बदलून तो गुंता सोडवला. ज्या मॅग्नेटोवरून सगळ्यांची झोप उडाली, त्याच्याशी या कागदपत्रांचा काडीचा संबंध नव्हता. नियम कडक करणे सोपे असते, कारण ते कार्यालयात बसून करता येते. झाकण उघडून पाहायला हँगरमध्ये जावे लागते.

नंतर

फाउंडेशनचा प्रवासी दौरा थांबला. इतर संस्थांची सवलत मात्र कायम राहिली, आणि ते योग्यच झाले. एकाच्या बेफिकिरीसाठी साऱ्यांना खाली बसवणे हा न्याय झाला नसता.

नोव्हेंबर 2022 मध्ये डॅलसच्या हवाई प्रदर्शनात आणखी एक बी-17 गेले, एका पी-63 लढाऊ विमानाशी हवेत टक्कर होऊन. सहा माणसे दगावली. ते प्रकरण वेगळे आहे. तिथे इंजिन बिघडले नव्हते, आकाशात विमानांची मांडणी करणाऱ्या योजनेतच दोष होता. दोन्ही अपघात एकाच पिशवीत टाकून ‘बी-17 धोकादायक’ म्हणणाऱ्यांनी दोन्हींपैकी एकाचाही अहवाल वाचलेला नसतो.

मला तुलनेसाठी जवळचे वाटते ते 2023 चे प्रकरण, ज्यात कुणीच दगावले नाही आणि म्हणून ज्याची बातमी छोटी झाली. एका बी-17 मध्ये पंख जिथे धडाला जोडला जातो तिथली डाव्या पुढच्या स्पारची खालची जोडणी पूर्ण सुटलेली आढळली. स्पार म्हणजे पंखाचा कणा. हा दोष मात्र खरोखर वयाचा आहे. धातूची झीज, दशकानुदशकांचा भार. तो पकडला गेला, कळवला गेला, आणि एफएएने सगळ्या बी-17 साठी तपासणीचा सक्तीचा हुकूम काढला. मिशिगनमधल्या एका संग्रहालयाने तर हुकूम हाती पडायच्या आधीच आपले बी-17 जमिनीवर ठेवले आणि तसे जाहीर केले. त्यांचा उड्डाणाचा हंगाम तोंडावर होता.

त्या हुकमात तपासणीच्या बरोबरीने आणखी एक कलम होते: जोड उघडल्यावर जे दिसेल, ते एफएएला लेखी कळवायचे.